हुंगेमामांचा शब्द

हुंगेमामा गेल्याची बातमी शिवणबाईंनी सकाळच्या चहाबरोबर पेपरात वाचली. त्या वेळी त्यांची तब्येत ठणठणीत होती, आणि हुंगेमामा तर त्याच होत्या.

पेपरातला फोटो अर्थातच त्यांचा नव्हता. तो मामांच्या आवाजवाल्यांचा होता. भरघोस मिशा, गळ्यात मफलर. मुलांच्या एका अख्ख्या पिढीला हसवणारं लाडकं अस्वल काळाच्या पडद्याआड गेलं, असं खाली छापलं होतं. माणूस भला होता, त्याच्या जाण्याचं शिवणबाईंना खरंच वाईट वाटलं. पण स्वतःच्या मरणाची बातमी वाचायची आणि वर त्यात दुसऱ्याचा फोटो बघायचा, हा योग काही सगळ्यांच्या नशिबी येत नाही.

चहा संपायच्या आत लेकीचा फोन आला.

"आई, पेपर बघितलास का गं? हुंगेमामा गेले."

"हो का," शिवणबाई म्हणाल्या. "काय झालं होतं?"

"वय झालं होतं, दुसरं काय. मला उगीचच कसंतरी झालं बघ. किती वेड होतं मला त्यांचं!"

"होतं खरं."

"नंतर सुटलं," लेक म्हणाली, आणि रक्तदाबाची गोळी घेतलीस का म्हणून विचारून तिने फोन ठेवला.

नंतर सुटलं. ते का सुटलं हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीला वाटत होतं की ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. शिवणबाईंनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

'झाडाखालची मंडळी' हा मुलांचा कार्यक्रम दर रविवारी संध्याकाळी लागायचा, चित्रण आधीच आठवड्यात होऊन गेलेलं असायचं. गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही आणि त्या घरात सगळ्या गल्लीची पोरं, असा तो काळ. स्टुडिओत लोखंडी जाळी आणि प्लास्टर यांचं एक थोरलं झाड होतं. त्याच्याखाली एक शिष्ट ससा बसायचा, एक भांडकुदळ कावळीण बसायची आणि मधोमध अस्वल, म्हणजे हुंगेमामा. कार्यक्रमाला आलेल्या मुलांचे तळहात हुंगून हे मामा कोणी काय खाल्लं, कोणी कुठे खोडी काढली ते बरोब्बर ओळखायचे. एक हात हुंगून झाला की पोरं आपण होऊन दुसरा हात पुढे करायची, इतका त्यांना त्याचा लळा. बोलायचे ते आवाजवाले, वरच्या काचेच्या खोलीत बसून, समोरच्या बोटभर पडद्याकडे बघत. खाली अस्वल मान डोलवायचं, पोट धरून हसायचं, स्वतःच्याच पायात अडखळून पडायचं. दोघांचं मिळून एक अस्वल व्हायचं.

शिवणबाई तिथे नावाप्रमाणे शिवणकामाला होत्या. अस्वलाचं कातडं त्यांनीच शिवलं. ज्याच्यासाठी शिवायचं तो नट माप द्यायला येतो येतो म्हणत राहिला आणि आलाच नाही. दिवस तर तोंडावर आलेला. शेवटी बाईंनी ते स्वतःच्याच अंगावर धरून बेतलं. बाई हाडापेराने थोराड, त्यामुळे पुरुषाला होऊन जाईल असा त्यांचा हिशेब. आयत्या वेळी नट उगवला आणि त्याचं पोट काही केल्या आत जाईना. पाठीची चेन अर्ध्यावर अडली ती अडलीच. निर्मातेसाहेबांनी कपाळाला हात लावला, मग तो हात तसाच ठेवून शिवणबाईंकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही शिरून बघता का? आजच्यापुरतं."

त्या शिरल्या. चेन सर्रकन वर गेली. ते आजच्यापुरतं पुढे सात वर्षं चाललं.

आता खरी गंमत सांगायची तर ती ही, की शिवणबाई मुलखाच्या अबोल. चारचौघांत हसू आलं तरी तोंडावर हात धरायच्या. लहान मुलाशी काय बोलावं हे त्यांना कधी सुचायचं नाही, स्वतःच्या लेकीशीसुद्धा नाही. ती आली की त्या तिचे केस विंचरायच्या, गुंड्या तपासायच्या, आणि पुढे काय करावं ते न कळून मशीनवर जाऊन बसायच्या. पण अस्वलाचं डोकं एकदा चढवलं की बाई कुठल्या कुठे जायच्या. आपला चेहरा कुणाला दिसत नाही एवढं कळल्यावर त्यांच्या अंगात कुठून एवढा वात्रटपणा यायचा देव जाणे. पोरं हसून हसून लोळायची. आतमध्ये घामाने डोळे चुरचुरायचे, श्वास पुरायचा नाही, आणि तरी त्या आयुष्यात तेवढ्याच वेळा सुखी होत्या. मग घरी येताना अंगात त्राण उरायचं नाही. सगळा खेळ त्या कातड्यात सांडून यायचा आणि लेकीच्या वाट्याला दमलेली, डांबरगोळ्यांचा वास येणारी, न बोलणारी बाई यायची.

आणि वर निर्मातेसाहेबांचा नियम. कातड्यात कोण आहे हे बाहेर कळता कामा नये, घरच्या पोरांना तर मुळीच नाही. "एका पोराला सांगितलं की शाळेला सांगितलं," साहेब म्हणायचे, "आणि शाळेला कळलं की अस्वल मेलं." सगळ्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. तेव्हा आई टीव्हीवाल्यांचे कपडे शिवते, एवढंच लेकीला माहीत. दर रविवारी ती शेजारच्या काकूंकडून धावत यायची आणि आईला सगळा कार्यक्रम साभिनय करून दाखवायची. "तू एकदा तरी बघ ना गं आई! मामा असे पडले, असे!" आई उष्टी भांडी घासत हं हं करायची. स्वतःच्याच कातड्याचा सवतीसारखा मत्सर करायची वेळ दुसऱ्या कुठल्या बाईवर आली असेल असं वाटत नाही.

कार्यक्रमाला तीन वर्षं भरली त्या दिवशी स्टुडिओतल्या माणसांच्या मुलांना झाडाखाली बसवायचं ठरलं. लेकही आली, नवा फ्रॉक घालून. "मी आत सशाची शेपटी शिवत बसणार आहे, तू शहाण्यासारखी बस," असं सांगून शिवणबाई गेल्या, त्या कातडं चढवून परत आल्या. मुलांचे हात हुंगत हुंगत अस्वल लेकीपाशी आलं.

बाकीची मुलं मामांना काही गुपित सांगायचं तर कानात सांगायची, आणि कान होते नुसत्या कापसाचे. त्यामुळे तोवर कुणाचंच गुपित कुणाला कळलं नव्हतं. पण लेक उंचीने कमी पडली. तिचे हात कानापर्यंत पोचेनात, म्हणून तिने अस्वलाचा जबडाच दोन्ही हातांनी धरला आणि त्याला तोंड लावलं. त्या जबड्यात जाळी होती, आणि जाळीच्या मागे तिच्या आईचा चेहरा.

"मामा," ती म्हणाली, "मला तुमच्या घरी न्या. आमच्या आईला हसताच येत नाही."

शिवणबाई जागच्या जागी थिजल्या. कातड्यातल्या माणसाने बोलायचं नाही, आणि बोलायला त्यांच्यापाशी होतं तरी काय! वर काचेमागे आवाजवाल्यांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना एवढंच दिसलं की एक पोरगी मामांना काहीतरी सांगते आहे आणि मामा गप्प आहेत. गप्प अस्वल म्हणजे मोठीच पंचाईत. त्यांनी वेळ मारून नेली.

"हो हो हो! नक्की! अगदी नक्की!" झाडाखाली आवाज घुमला. "मामांचा शब्द म्हणजे शब्द!"

लेकीचा चेहरा असा उजळला की तो आईला पुढे जन्मभर विसरता आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून लेक शाळेतून आली की दप्तर रिकामं करायची, त्यात एक फ्रॉक, एक बाहुली आणि कंगवा भरायची आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसायची. वडील रात्रपाळीचे, ते आत झोपलेले असायचे. इथे का बसलीस म्हणून कुणी विचारलं तर सांगायची नाही. संध्याकाळी शिवणबाई जिना चढून यायच्या तेव्हा ती दप्तरावर डोकं ठेवून झोपी गेलेली असायची. बाईंना दप्तरात काय आहे ते न उघडताही कळत होतं. त्या तिला उचलून आत न्यायच्या.

एकदा त्यांनी हिय्या केला. स्वयंपाकघरात ओट्यापाशी, उघड्या तोंडाने, त्या अस्वलासारख्या झुलल्या आणि पाय अडखळल्यासारखं केलं. लेक घाबरून उठली. "आई, काय झालं? पाय मुरगळला का?" त्या पुन्हा म्हणून झुलल्या नाहीत.

मग एका रविवारी लेक काकूंकडे गेली नाही. "मामा खोटं बोलतात," एवढंच म्हणाली, आणि फ्रॉक, बाहुली, कंगवा जागच्या जागी ठेवून दिले. पुढे कार्यक्रम बंद पडला, निर्मातेसाहेब वारले, नियमातून सगळे सुटले. ससा आणि कावळीण आपापल्या नातवंडांना फुशारक्या मारू लागले. शिवणबाईंची मात्र जीभ रेटेना. सांगायचं म्हणजे आधी हे सांगायला हवं, की पोरी, तू आईविषयी जे बोललीस ते आईनेच ऐकलं. ते ऐकून लेकीला काय वाटेल, याचा विचार करता करता लेक पन्नाशीला टेकली. एका मोठ्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होती ती, माया करणारी पण हातभर अंतर राखून. आणि शब्दाच्या बाबतीत कमालीची कडक. "येणार असशील तरच येते म्हण गं आई," ती म्हणायची, "मुलांना बघू-बिघू सांगायचं नाही." ते ऐकलं की शिवणबाईंना जिन्याची वरची पायरी आठवायची.

आवाजवाले गेले त्यानंतर महिन्याभरात टीव्हीच्या जुन्या संग्रहातून एका मुलीचा फोन आला. आवाजवाल्यांची आठवण म्हणून मोठा कार्यक्रम करायचा होता. त्या काळी एकाच टेपवर पुन्हा पुन्हा चित्रण करायची पद्धत, त्यामुळे 'झाडाखालची मंडळी'चं सगळं पुसलं गेलं होतं. पण गोदामात एक टेप सापडली होती, स्टुडिओतल्या माणसांच्या मुलांना बोलावलं होतं त्या दिवसाची. आणि सशाने सांगितलं होतं की आतलं अस्वल अजून आहे, आणि ते म्हणजे एक बाई आहेत.

"तुम्हाला मंचावर आणायचं आहे आम्हाला," मुलगी आनंदाने म्हणाली. "लोक वेडे होतील हो!"

शिवणबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. सगळ्या जगाबरोबर लेकीलाही ते मंचावरूनच कळायचं, म्हणजे तिला उठून जायचाही इलाज उरला नसता. "आधी मला आणि माझ्या मुलीला बघू दे ती टेप," त्या म्हणाल्या. "मग काय ते सांगते."

लेक गाडी घेऊन आली. आईने शिवलेले कपडे टेपमध्ये आहेत म्हणून बोलावलंय, अशी तिची समजूत. गाडीत सांगून टाकायचं असं शिवणबाईंनी पक्कं केलं होतं. पहिल्या सिग्नलला त्या "अगं" म्हणाल्या आणि पुढे "काच वर कर, वारा लागतो" म्हणाल्या. पुलावर पुन्हा "अगं" म्हणाल्या आणि पेट्रोल आहे ना विचारलं. लेकीने पर्समधून एक पेपरमिंट काढून तोंडात टाकली. आईला साखरेचं पथ्य, म्हणून तिला विचारलं नाही. आणि बघता बघता इमारत आली.

खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, जुनं यंत्र. संग्रहातल्या मुलीने टेप लावली आणि ती दाराशी उभी राहिली. पडदा थोडा वेळ नुसताच फुरफुरला, मग झाड दिसलं. कापडी पानं केवढी बेंगरूळ होती! ससा आला, कावळीण भांडली, आणि मग अस्वल आलं, झुलत झुलत.

लेक पुढे वाकली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते जपून ठेवलेलं. "आई, ती बघ मी. तो फ्रॉक तूच शिवला होतास."

पडद्यावर लहानग्या लेकीने अस्वलाचा जबडा दोन्ही हातांनी धरला. ओठ हलले, ऐकू काहीच आलं नाही. अस्वल उभंच राहिलं. मग कर्ण्यातून आवाज आला, हो हो हो, नक्की, मामांचा शब्द म्हणजे शब्द. लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"मी काय सांगितलं होतं त्याला, माहितेय?" ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "कधी कुणाला बोलले नाही. मी म्हटलं, मामा, मला तुमच्या घरी न्या. आमच्या..."

ती थांबली. आईसमोर पुढचं बोलवेना.

"आमच्या आईला हसताच येत नाही," शिवणबाई म्हणाल्या.

लेकीने मान वळवून आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा आईकडे. पडद्यावरचं अस्वल अजून तिथेच होतं. पुढच्या मुलाने हात धरला होता तरी ते हलत नव्हतं, लहानग्या लेकीचा हात त्याने पंजातून सोडला नव्हता. सशाने येऊन कोपराने ढोसलं तेव्हा कुठे ते पुढे सरकलं.

लेक उठली आणि बाहेर निघून गेली.

दाराशी उभी असलेली मुलगी गोंधळली. "काही चुकलं का माझं?"

"नाही गं बाळ," शिवणबाई म्हणाल्या, "चुकलं ते फार आधी." आणि खुर्चीचा हात धरून त्या उठल्या.

लेक जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. शिवणबाई कठड्याला धरून हळूहळू शेजारी बसल्या. गुडघे कुरकुरले.

"एवढी वर्षं," लेक म्हणाली. आवाज चिरकला होता. "एवढी वर्षं मला वाटतंय की तो खोटारडा होता. आणि तू बघत होतीस. मी दप्तर भरून बसत होते, ते बघत होतीस ना तू?"

"बघत होते."

"मग सांगायचं होतंस! नियम कसले पाळत बसलीस! मी वाट बघून बघून..." तिने डोळे पुसले. "येतो म्हणाला आणि आला नाही."

"यायचा," शिवणबाई म्हणाल्या. "रोज यायचा. तू झोपलेली असायचीस. दप्तर एका हातात आणि तू खांद्यावर, असं घरी घेऊन जायचा."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं, पावलं दूर गेली.

"त्याच्या अंगाला तुझाच वास येत होता," लेक म्हणाली. "म्हणून तर त्याला सांगितलं मी. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. मला वाटलं, आईसारखाच आहे, फक्त हसवतो."

शिवणबाईंना रडू आलं, आणि या वेळी त्यांनी तोंडावर हात धरला नाही. मांडीवरच्या पर्सवरून त्यांनी लेकीचा हात उचलला. पन्नाशीच्या बाईचा हात, अंगठीचा, शिरा दिसू लागलेला. खालून एक शिपाई फायलींचा गठ्ठा घेऊन वर येत होता आणि तो बघत होता, पण बाईंनी मान मागे घेतली, नाक फेंदारलं, डावीकडे झुलल्या, उजवीकडे झुलल्या आणि तो तळहात फस्सकन हुंगला.

"हुं," त्या स्वतःच्या पातळ, थरथरत्या आवाजात म्हणाल्या. "पेपरमिंट. गाडीत खाल्लीस, आणि आईला विचारलंसुद्धा नाहीस."

शिपाई भिंतीला चिकटून, त्यांना वाट देत वर गेला. लेकीने नाक ओढलं, आणि दुसरा हात पुढे केला.